मुडपलेलं बोट

पेठच्या वाटेवरच्या एका डोंगरावर मी दर भाद्रपदात रानफुलं बघायला जायचो. सोबत आमची कुत्री, चिंगी. मागच्या वर्षी तिथे एक म्हातारा भेटला. त्याच्यामागे दोन कुत्री होती, पण ती भुंकली नाहीत. चिंगीही गप्प झाली.

तो मला फुलं दाखवत चालला. तेरडा, सोनकी, ओल्या कातळावरची सीतेची आसवं. दाखवताना मात्र बोट मुडपून घ्यायचा. वेलावरच्या कोवळ्या काकडीकडे माझी आईही तसंच बोट करायची. मला हसू आलं आणि मी मुद्दाम एका कळीकडे सरळ बोट नेलं. त्याने ते मुठीत धरलं. हात गार होता.

"ज्याच्याकडं सरळ बोट केलं ते टिकत नाय," तो म्हणाला.

उतरताना त्याने चिंगीकडेही मुडपलेलंच बोट केलं.

"लहान हाय अजून. हिला बघाया घरी दुसरं कोणी हाय ना?"

"बायको आहे. का?"

"तुमच्यासाठी इचारलं," म्हणत त्याने माझ्याकडे बोट केलं. ते सरळ होतं.

यंदा चिंगीला बायकोच फिरवते. मला घरचा जिनाही चढवत नाही. डॉक्टरांना कारण सापडत नाही, आणि बोटाचं मी त्यांना सांगितलेलं नाही.