रापणीतला बाबांचा वाटा

बाबा परवा गेले.

पोहता न येणारा हा माणूस शेवटचे आठ दिवस समुद्राशिवाय दुसरं काही बोलत नव्हता.

नर्सने विचारलं, "काका, कोकणातले का तुम्ही?"

"नाही वं पोरी. काटोलकडचा. संत्र्यावाला."

आता नीट सांगते. बाबा वीज खात्यात. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना मालवणकडे पाठवलं, खांब रोवायला आणि तारा ओढायला. तिथे आई भेटली. मासेमाराची पोर. दोन्हीकडे व्हायचा तो तमाशा झाला, लग्नही झालं, आणि पुढे ट्रान्सफर होऊन आम्ही कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आलो. खिडकीत राख, अंगणात राख, आईच्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा राख.

पण मे महिना आला की आम्ही सुटायचो! कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढे घाटातून एसटी. मी ओकत ओकत जायची, तरी हरखलेली.

मामाची होडी होती. संध्याकाळी तो आम्हाला खाडीत न्यायचा. आम्ही पोरं पाण्यात हात घालून बसायचो, आई माहेरच्या गप्पांत. बाबा दोन्ही काठ घट्ट धरून, डोळे मिटून.

मामा मुद्दाम होडी हलवायचा. "भावजी, पाणी तरी बघा!"

"बघून राहिलो ना गा! मनातल्या मनात बघून राहिलो!"

सकाळी रापण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : होडी समुद्रात जाऊन अर्धगोल जाळं टाकून येते, आणि जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावरून सगळा गाव मिळून ओढतो. मग वाळूवर मासळीचे वाटे पडतात. ज्याने दोराला हात लावला, त्याचा वाटा. त्यात लहान-मोठा काही नाही.

बाबा मात्र जावई! त्यांच्यासाठी शाळेतून लाकडी खुर्ची मागून आणायचे, वाळूत मांडायचे, हातात चहाचा कप.

शेतकऱ्याचा पोरगा तो. गाव राबतंय आणि आपण खुर्चीवर. आईला म्हणायचे, "मी काय सिनेमा पाहाले आलो का वं इथं?"

एका वर्षी गावात लग्न होतं, ओढायला माणसं कमी पडली. बाबांनी कप वाळूत ठेवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि धरला दोर.

मी सात-आठ वर्षांची असेन. बाबांना असं हसताना मी कॉलनीत कधी पाहिलं नव्हतं. हाताची सालं निघाली, तरी सोडेनात.

जाळं आलं. वाटे पडले. मामाने एक ढीग बाबांपुढे सरकवला. चांगले मोठे बांगडे.

आणि बाबा म्हणाले, "नाही गा, मले काहून? ठेवा तुम्ही. घरचेच तर आहो."

आता आपल्याकडे कसं असतं? पहिल्यांदा नाहीच म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही. मग समोरचा हात धरतो, शपथ घालतो, तेव्हा कुठे आपण 'बरं, थोडंसंच' म्हणतो. बाबा आग्रहाची वाट बघत होते.

मामाने आग्रह केलाच नाही.

त्याने तो ढीग उचलला आणि बाकीच्यांच्या वाट्यांत टाकला.

दुसऱ्या दिवशी वाळूत पुन्हा खुर्ची.

आईने समजावलं, "अहो, इथे वाटा नाकारला म्हणजे दोर नाकारला. मी तुमच्यातला नाही, असं सांगितलंत तुम्ही त्याला."

"अवं, पण एक डाव तरी म्हणाले पाहिजे होतं ना त्यानं, घ्या म्हणून!"

परत येताना हा माणूस कोल्हापूरपर्यंत धुसफुसत होता. आणि पुढचं वर्षभर कोणी काहीही खायला दिलं तरी चटकन हात पुढे! आई म्हणायची, प्रॅक्टिस चालू आहे.

पुढच्या मे महिन्यात खुर्ची यायच्या आधीच बाबा दोरापाशी. ओढलं. वाटे पडायला लागले तसा त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा वाळूवर पसरला आणि मामासमोर उभे राहिले.

"माझा वाटा कुठी आहे गा?"

जावयाने मागून घ्यायचं म्हणजे! सगळा गाव बघतोय.

मामाने आधी दुपट्ट्याकडे पाहिलं. मग असा हसला, असा हसला! "अरे, भावजींचो वाटो घाला रे!"

ती खुर्ची नंतर कोणी मागून आणली नाही.

ज्या वर्षी जाणं जमायचं नाही, त्या वर्षीही मामा वाटा काढायचा. खारवून, सुकवून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवायचा. सगळ्या कॉलनीभर वास. शेजारच्या काकू नाकाला पदर लावायच्या आणि बाबा दारात उभे राहून सांगायचे, "आमचा वाटा आला बाप्पा!"

आई गेल्यावर जाणं सुटलंच. त्यांचे गुडघे, त्यांची शुगर, माझी नोकरी. दर वर्षी म्हणायचे, "औंदा जाऊ." मी म्हणायची, "हो बाबा, औंदा नक्की."

नेलं नाही. हे मला जन्मभर खुपणार आहे, उगाच खोटं कशाला लिहू.

काल मामाला फोन केला. ऐंशीच्या पुढे आहे तो आता. बाबा गेल्याचं सांगितलं. मग म्हणाला, "आज रापण लागली हुती गो. भावजींचो वाटो काढून ठेवलो हा. तो आता कोणाक देवचो?"

माझ्या जिभेवर आलंच होतं. नको मामा, ठेव तू. घरचेच तर आहो.

गिळलं.

"मी येते," म्हटलं. "माझ्याच हातात दे."

खारवून ठेवतो म्हणाला. तेरवी झाली की निघते. कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. बाबांचा दुपट्टा बॅगेत घातलाय. आधी दोराला हात लावीन, मगच घेईन.

रामराम, बाबा.

तुमच्यासाठी शाळेतून खुर्ची मागून आणीन. या खेपेला निवांत बसा.

दोर मी धरते.