आम्ही पाचव्या मजल्यावरचे

ऑफिसच्या किश्श्यांचं कपाटातल्या हँगरसारखं असतं. एक काढायला जावं तर चार गळ्यात पडतात!

परवा पनवेलच्या भाजी मार्केटमध्ये नाझनीन भेटली. "मीनल, तुला आठवतं का गं..." एवढंच म्हणाली, आणि आम्ही दोघी मेथीच्या जुड्या हातात धरून तशाच उभ्या राहिलो. हसतोय, डोळे पुसतोय, परत हसतोय. शेवटी भाजीवाली वैतागली. "ताई, मेथी सुकली तुमच्या हातात. घ्या नायतर ठेवा."

कंपनीचं नाव सांगत नाही. मोठी आहे. एवढी मोठी, की एकाच कंपनीचं कार्ड गळ्यात घालून लिफ्टमध्ये रोज नवीनच माणसं भेटायची. पण त्या अवाढव्य काचेच्या इमारतीत आमचं म्हणून एक गाव होतं. पाचवा मजला, खिडकीकडचा कोपरा. मी, नाझनीन, हरेश आणि आमचे मॅनेजर देशपांडे सर. चौघंही पनवेलचे प्रवासी, कंपनीच्या एकाच बसचे. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची सिस्टीम आम्ही सांभाळायचो. तिकडे कुणाचं घर वादळात पडलं, कुणाची गाडी ठोकली, की त्याचा क्लेम ज्या सिस्टीमवर यायचा ती बंद पडू न देणं, हे आमचं काम.

आता तो कोपरा नाही. मजलाच नाही! पण त्याआधीचं सांगते.

*

हरेश समुद्रकाठच्या करंज्याचा. घरची मासेमारीची बोट. लग्नानंतर पनवेलला राहायला आला, पण डबा आईच्याच वळणाचा. एकदा त्याने सुकटीची चटणी आणली आणि मायक्रोवेव्हमध्ये चांगली दोन मिनिटं फिरवली.

वास जो सुटला! पाचवा मजला दरवळला, एसीच्या कृपेने सहावाही दरवळला. तासाभरात फॅसिलिटी डिपार्टमेंटचा मेल आला, अख्ख्या बिल्डिंगला. उग्र वासाचे पदार्थ आणणाऱ्या व्यक्तीने सहकाऱ्यांचा विचार करावा, वगैरे. भाषा अशी, की जणू कुणी गॅस सोडला होता.

हरेशने डबा बॅगेत टाकला, बॅग टेबलाखाली सरकवली आणि मान खाली घालून बसला. कान लाल झालेले.

पाच मिनिटांत दुसरा मेल आला. तोही अख्ख्या बिल्डिंगला. 'सदर डबा माझा होता. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.' खाली सही, देशपांडे सरांची!

देशपांडे सर म्हणजे मूळचे पुण्याचे, चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारे. आम्ही हसायचं की उठून टाळ्या वाजवायच्या, कळेना. सर मात्र शांतपणे स्क्रीनकडे बघत बसलेले.

पण सर एक विसरले होते. त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्यांची मेहुणी काम करायची. मेल चहाच्या आत पुण्याला पोचला!

दुसऱ्या दिवशी सर हरेशच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "आता निदान चव तरी सांगून ठेव रे. घरी विचारतायत."

*

नाझनीनची गंमत फायर ड्रिलची.

भोंगा वाजला. आम्ही सगळे जिन्याने उतरून पार्किंगमध्ये उभे राहिलो. नाझनीन वर. सिस्टीममध्ये नवे बदल चढवायचं तिचं काहीतरी रिलीज चालू होतं आणि ते अर्ध्यात सोडायला ती तयार नव्हती. सगळं आटोपून बाईसाहेब आरामात खाली आल्या, तेव्हा हेल्मेटवाला फायर वॉर्डन तिच्यावर खेकसला.

"मॅडम, खरी आग असती तर तुम्ही आत्ता जळून मेला असता! माझ्या रिपोर्टमध्ये तुम्ही मेलात!"

नाझनीनने ओढणी सावरली. "या अल्ला! मैयत झालीच आहे, तर आता हाफ डे तरी द्या."

सरांनी खरंच दिला! सिस्टीममध्ये रजेचं कारण भरावं लागतं. सरांनी लिहिलं, 'निधन. उद्या जॉइन होईल.'

एचआरचा फोन आला, तेव्हा सर त्यांनाच उलट विचारत होते, "मग तुमच्याकडे याला दुसरी कुठली कॅटेगरी आहे?"

*

मग ते शिकागो.

व्हिडिओ कॉलवर बोललेलं आपोआप खाली लिहून दाखवायची सोय नवीन आली होती. आम्हाला पत्ताच नाही. कॉलवर अमेरिकेतला ग्रेग, हा आमचा क्लायंट. गडी भला, पण फार गंभीर. तो काहीतरी समजावत होता, आणि मी माईक बंद आहे असं समजून नाझनीनला विचारलं, "चहा घेतलास का?"

ग्रेग एकदम थांबला. "शिकागोमध्ये काय झालं?"

मशीनने माझ्या चहाचं शिकागो केलं होतं!

हरेशने प्रसंग सावरला. "काही नाही, ग्रेग. शिकागोचं आम्ही ब्रेकमध्ये बघून घेतो."

तेव्हापासून चहाला आमच्यात शिकागोच म्हणायचे. मान वर करायची, भुवई उडवायची. "शिकागो?" की चौघं उठलेच. कधीकधी चहाच्या मशीनपाशी नुसते कप धरून उभे राहायचो. खिडकीतून पारसिकची टेकडी दिसायची, कुणी काही बोलायचं नाही, आणि तरी पंधरा मिनिटं मजेत जायची. आता मी घरीच चहा करते. आलं घालून, गवती चहा घालून. मशीनच्या त्या पांचट चहापेक्षा शंभर पटींनी चांगला होतो. पण एकटीनेच प्यायचा!

*

कंपनीत एकदा फॅमिली डे होता. हरेशने वडिलांना आणलं. उन्हाने रापलेला माणूस, पांढराशुभ्र शर्ट, नव्या चपला. लोकांनी फुगे लावले होते, जादूगार आला होता. बाबांना त्यात काही रस नव्हता. ते सरळ म्हणाले, "तू बसतो कुठं, ते दाखव."

हरेशने खुर्ची दाखवली, स्क्रीन दाखवला. तिकडे वादळ झालं, नुकसान झालं, की लोकांना भरपाई कशी मिळते, हे सोपं करून सांगितलं.

बाबांनी विचारलं, "बोट गेली तर?"

"बोटीचंपण मिळतं, बाबा."

बाबांनी वाकून तो स्क्रीन जवळून बघितला. मग एवढंच म्हणाले, "मंग बंद परून देऊ नको हां."

त्यानंतर तिकडच्या वादळाची बातमी टीव्हीवर आली की हरेशला फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. एकच प्रश्न. "चालू हाय ना?"

"हाय, बाबा."

"बरं." की फोन बंद.

क्लायंटच्या बायकोनेसुद्धा आमच्या सिस्टीमची एवढी काळजी केली नसेल!

*

आणि एक दिवस मेल आला, की ही सिस्टीम आता 'सनसेट' करण्यात येत आहे. म्हणजे कायमची बंद. नवीन सिस्टीम दुसऱ्या देशात दुसरी टीम बनवत होती. आम्हाला वेगळं काम मिळणार होतं, नोकऱ्या शाबूत होत्या, त्यामुळे रडायचं कारण नव्हतं. तरी नाझनीन रडली. तिच्या हातची होती अर्धी सिस्टीम.

हरेश म्हणाला, "सनसेट म्हणतायत ना? मग उगवेल की उद्या."



बंद करायच्या दिवशी आम्ही चौघं एकाच स्क्रीनपाशी जमलो. कमांड नाझनीनने द्यावी असं सर म्हणाले. तिने बिस्मिल्ला म्हटलं आणि बटण दाबलं. स्क्रीनवरचे, सिस्टीम चालू असल्याचे हिरवे ठिपके एकेक करून करडे होत गेले. ग्रेग कॉलवर होता. त्या गंभीर माणसाने कॅमेरा बंद केला आणि नाक शिंकरल्याचा आवाज तेवढा आला.

तेवढ्यात हरेशचा फोन वाजला. करंज्याहून. तिकडे कुठेतरी वादळ होतं म्हणे.

"चालू हाय ना?"

हरेशने आमच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे वळला.

"हाय, बाबा. चालू हाय."

*

नंतर घरून काम सुरू झालं, आणि ते कंपनीला एवढं आवडलं की पाचवा मजला सोडूनच दिला. एक शनिवार दिला होता, आपापलं सामान घेऊन जायला. मी माझा कप आणि एक शाल घेतली. बाकी काय उचलणार? खिडकी थोडीच उचलता येते!

सर रिटायर झाले तेही घरूनच. मग आम्हीच त्यांना निरोप द्यायचं ठरवलं. नाझनीनच्या भावाच्या ओळखीने पनवेलजवळ नेऱ्याला एक फार्महाऊस मिळालं. समोर डोंगर, आंब्याखाली खुर्च्या. पण गंमत अशी झाली, की इतके दिवस नुसते कॉलवर भेटल्यामुळे आम्हाला एकमेकांसमोर बोलताच येईना! एक बोलला की बाकीचे गप्प. त्याचं संपेपर्यंत वाट बघायची. शेवटी नाझनीनने चक्क हात वर केला.

"यस, नाझनीन," सर म्हणाले.

मग जे हसलो!

सर भाषणाला उभे राहिले. "मित्रहो," म्हणाले. थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. डोंगराकडे बघितलं. आम्ही वाट बघतोय. सरांच्या तोंडून शब्दच फुटेना. अखेर कसंबसं म्हणाले, "एनी क्वेश्चन्स?"

हरेशने विचारलं, "सर, सोमवारपासून सकाळचा कॉल कोण घेणार?"

"तूच की," सर म्हणाले आणि खाली बसले. झालं भाषण.

*

सकाळचा कॉल म्हणजे पंधरा मिनिटांचा. काल काय केलं, आज काय करणार, कुठे काही अडलंय का. आमच्यापुरताच, क्लायंट नाही. लिंक वर्षानुवर्षं तीच. सर रिटायर झाल्यावर हरेश तो घ्यायला लागला.

काही दिवसांनी कॉलवर एक नाव जास्त दिसायला लागलं. 'गेस्ट'. कॅमेरा बंद, माईक बंद. बरोब्बर वेळेवर यायचा आणि कॉल संपला की जायचा.

मी हरेशला विचारलं, "हा कोण रे?"

"असेल कुणीतरी ऑडिटवाला. नीट वागा."

आम्ही नीट वागलो! केस विंचरून बसायला लागलो. नाझनीनने स्वयंपाकघरातून कॉल घेणं बंद केलं. नव्या विमानतळाची विमानं डोक्यावरून गेली, तर त्याबद्दलसुद्धा गेस्टची माफी मागायला लागलो. तो कधी काही बोलला नाही.

मग एका मंगळवारी, मी माझं अपडेट देत असताना, गेस्टचा माईक चुकून उघडा राहिला. आधी मिक्सरचा आवाज आला. मग एका बाईंचा.

"अहो, दळण आणायला जाताय ना?"

आणि मग तो आवाज. जरा दबलेला, पण अगदी तोच.

"थांब गं. मीटिंगमध्ये आहे."

माईक बंद झाला.

मी माझं वाक्य अर्धंच सोडलं होतं. हरेश स्क्रीनकडे बघत होता. त्याने घसा खाकरला.

"ओके. नेक्स्ट. नाझनीन, तुझं अपडेट?"

नाझनीनने अपडेट दिलं. नेहमीपेक्षा सावकाश, जरा मोठ्या आवाजात, आणि काहीही न गाळता.