फोटोतली उजवीकडची जागा

बाबांनी कॅमेरा मला दिला, हे माझ्या भावाला फार दिवस पचलं नाही. घरात मुलगा असताना असली वस्तू मुलीला कशी, असं त्याने तोंडाने म्हटलं नाही, पण महिनाभर तो माझ्याशी मोजकंच बोलायचा. मला मात्र त्यात मोठेपणा वाटत होता, खोटं कशाला सांगू.

कॅमेरा घडीचा होता. झाकण उघडलं की काळा चामड्याचा भाता पुढे सरकायचा आणि त्याच्या टोकाला भिंग. तरुणपणी बाबा मुंबईत एका फोटोच्या दुकानात कामाला होते. मालकाने दुकान आवरलं तेव्हा जाताना तो बाबांच्या हातात ठेवला. पुढे बाबा महाडला येऊन कचेरीत चिकटले आणि नात्यातल्या लग्नामुंजींत फोटो काढू लागले. त्यांची एक खोड होती. माणसांना ते कधी मधोमध बसवायचे नाहीत. सगळ्यांना डावीकडे सरकवून उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी ठेवायचे, आणि फोटो छापून आला की ती मोकळी पट्टी कात्रीने कापून टाकायचे. आई म्हणायची, "कापायचीच होती तर ठेवलीत कशाला?" बाबा नुसते हसायचे. आम्ही सगळे ती त्यांची लहर समजत होतो.

मी नर्सचं शिक्षण घेऊन पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात लागले होते. दर रविवारी महाडला घरी यायचं आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचं. बाबांच्या शेवटच्या आजारात एका रविवारी मी निघाले, तर त्यांनी हाक मारली. "बस जरा. कॅमेऱ्याचं एक सांगायचंय तुला." माझा स्वभाव आधीच घाईचा. त्यात बाबांचं कुठलंही सांगणं त्या मुंबईच्या दुकानापासून सुरू व्हायचं, मला ते पाठ होतं. "पुढच्या रविवारी सांगा," असं म्हणून मी पिशवी उचलली. एसटी मिळाली. गुरुवारी बाबा गेल्याचा निरोप आला.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं आणि आमचा जिल्हा कुलाबा होता. कुडपणच्या एका बाईचं पहिलं बाळंतपण मी केलं होतं. मुलगा झाला. नवरा मुंबईला गिरणीत. डोंगरातल्या वाड्यांत यात विशेष काही नव्हतं. तिकडची मुलं बाप बघायची ती गणपतीत, नाहीतर शिमग्यात. गावच्या माणसाबरोबर या नवऱ्याने निरोप पाठवला, की शिमग्याशिवाय सुट्टी नाही, तोवर पोराचा फोटो तरी धाडा. निरोपाबरोबर एक लाल टोपडंही आलं. ते कानावर येताच मीच म्हटलं, फोटो मी काढते. बाबांच्या कॅमेऱ्यात मी भरलेला तो पहिला रोल, आठ फोटोंचा.

मी चढून वर गेले, तर सासू दारात उभी. "तान्ह्या पोराचा फोटू काढू नये गो बाय. आयुष्य कमी व्हतं."

"आजी, तुमच्याच मुलाने मागवलाय," मी फटकन म्हटलं. मला असल्या बोलण्याचा राग यायचा. तिने मग पोराच्या गालाला भलीमोठी तीट लावली. मी पोराच्या आईला अंगणात बसवलं, अगदी मधोमध. बाबांसारखं माणसांना सरकवत बसायला मला वेळ नव्हता. पुरुष फोटो काढायला आला की या बायका पदर ओढून मान खाली घालत. माझ्यासमोर मात्र तिने सरळ भिंगात बघितलं. लाल टोपडं घातलेलं पोर तिच्या डाव्या हातावर डोकं टेकून झोपलेलं, एक हात डोक्यावर टाकलेला. मी कळ दाबली, मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवली आणि उजेड आहे तोवर डोंगर उतरले.

उरलेले फोटो संपायला महिना गेला. रोल महाडला फोटोवाल्याकडे धुवायला टाकला. तो हाती यायच्या आधीच, पौषात, ते मूल तापाने गेलं. बोलावणं आलं तशी मी निघाले होते, पण वर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सासू मला एवढंच म्हणाली, "मी सांगितलं व्हतं."

फोटो आले. आठही फोटोंत उजवीकडे, एकाच जागी, सुपारीएवढा पांढरा डाग होता. एका फोटोत तो भिंतीवर होता, एकात झाडावर. कुडपणच्या फोटोत तो बरोबर पोराच्या चेहऱ्यावर बसला होता. टोपड्याची कड दिसत होती, त्यावर टाकलेली इवलीशी मूठ दिसत होती, आईचा चेहरा तर स्वच्छ होता. मध्ये तोंड नव्हतं.

फोटोवाला म्हणाला, "भात्याला टाचणीएवढं छिद्र आहे, तिथून उजेड शिरतो. तुमच्या वडिलांना ठाऊक होतं. म्हणून तर ते ती बाजू मोकळी सोडायचे. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

तो फोटो मी खोलीवरच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला. हा तोंड पुसलेला फोटो सासूने बघितला असता, तर कॅमेऱ्यानेच पोर नेलं हे डोंगरभर झालं असतं. मग बायकांनी मला बाळंतपणाला बोलावणं सोडलं असतं आणि पुन्हा विळ्याने नाळ कापली गेली असती. ही सबब खरी होती. पण त्याहून मोठी होती ती माझी लाज.

शिमगा झाल्यावर तो नवरा बायकोला घेऊन दवाखान्यात आला. पोर गेल्यापासून तिच्या अंगात ताकद राहिली नव्हती. मी तिला तपासलं, औषध दिलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. जायच्या वेळी तो म्हणाला, "बाई, आमच्या पोराचा फोटू काढलेलात म्हणं. तो हाय का?"

फिल्म खराब झाली, हे शब्द माझ्या जिभेवर होते, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. पण तो शर्टाला हात पुसून उभा होता. फोटो घ्यायला. मी मागे खोलीवर गेले आणि ट्रंक उघडली.

त्याने फोटो उजेडात धरला. त्या पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवला, धूळ असेल तर जावी म्हणून. "ह्ये काय, बाई?"

मी सगळं सांगितलं. छिद्र, बाबा, तो रविवार, माझी एसटी. "चूक माझी आहे," म्हटलं. मग त्याने विचारलं, "तोंड कसं व्हतं त्याचं?"

तुमच्यासारखं, असं म्हणता आलं असतं. कोणीही तसंच म्हणतं. पण त्या वर्षी माझ्या हातांवर इतकी मुलं जन्मली होती, आणि त्या दिवशी अंगणात तर मी उजेडच बघत होते. "मला आठवत नाही," मी म्हटलं. तेवढं म्हणताना मला माझीच चीड आली.

तेव्हा भिंतीपासून ती बोलली. माझ्यासमोर ती आपणहून कधी बोललीच नव्हती. नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली, "ह्येबी असंच निजतात, बाई. हात डोक्यावर टाकून."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग फोटोतल्या त्या मुठीकडे बघितलं. बराच वेळ बघत होता. नंतर फोटो शर्टाच्या खिशात ठेवून तो तिला हळू म्हणाला, "आयला सांगू नको. ती बाईंना बोल लावंल. मी मुंबयला नेतो." ती दोघं गेल्यावर मी औषधांच्या कपाटाकडे तोंड करून रडले. बाबा गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

पुढच्याच रविवारी मी महाडला जाऊन ते छिद्र बुजवून घेतलं. त्यानंतर डाग कधी आला नाही. डोंगरातल्या कितीतरी पोरांचे फोटो मी त्याच कॅमेऱ्याने काढून मुंबईला बापांकडे धाडले. पण तान्ह्या मुलाचं डोकं मी फोटोच्या उजवीकडे कधी येऊ दिलं नाही. आई त्याला डाव्या हातावर घेऊन बसली, की मी उठून मूल तिच्या दुसऱ्या हातावर द्यायची. कोणी कारण विचारलंच, तर कितीही घाई असली तरी मी सांगायला बसायची, आणि सुरुवात बाबांच्या मुंबईच्या दुकानापासून करायची.