आत्याची डावरी कात्री

आमच्या शिवणाच्या दुकानात तिला सगळे डावरी म्हणतात. ती बेतते आणि कापते, मी काजं-बटणं करते. तोंड माझं चालतं, हात तिचा.

लहानपणी डावा हात पुढे केला म्हणून तिनं घरी पुष्कळ फटके खाल्ले. तिची आत्या मात्र स्वतः डावरी, पक्की शिंपीण. तिनंच पोरीला आपल्या डावऱ्या कात्रीनं कापायला शिकवलं. मृत्युपत्रात लिहूनही ठेवलं: माझं दुकान दोघा मुलग्यांना, कात्री माझ्या भाचीला. संपलं? कसलं काय! आत्या गेली आणि मुलगे दुकानावरून कोर्टात गेले. दुकानाला सील. आत भिंतीवर, खिळ्याला, कात्री तशीच.

सहा वर्षं! दर तारखेला डावरी अर्धा दिवस बुडवून कोर्टात जायची. कारकून म्हणायचा, "बाई, निकाल लागेपर्यंत आतली सुईसुद्धा हलणार नाही." मेल्याला दुकान आणि कात्री सारखीच!

"अगं, डावरी कात्री बाजारात मिळते. घे की एखादी," मी म्हणायची.

"मुठीवर आत्यानं चिंधी गुंडाळलीय. तिच्या अंगठ्यानं तिथं खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बसतो." एवढंच म्हणायची आणि उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरून, पाती उलटी दाबत, अंगठ्याला घट्टे पाडून घेत कापत राहायची. घरी जाताना वाट वाकडी करून त्या बंद दुकानाच्या काचेला नाक लावायची. मला राग यायचा, आणि तिच्यासाठी जीवही तुटायचा.

गेल्या आठवड्यात आत्याच्या मुलग्यांचं एकदाचं मिटलं आणि कात्री आली! डावरीनं गंज काढला, धार लावून आणली, चिंधीला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. कापड पसरलं, खडूनं रेघ मारली. अंगठा खळग्यात अगदी बरोबर बसला. "बघ हं," म्हणाली.

कात्री वीतभर गेली आणि रेघ सोडून भलतीकडेच वळली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. सहा वर्षं पाती उलटी दाबून दाबून हाताला तीच खोड लागली होती.



"आत्या रेघेवर बोट ठेवून पुढे पुढे न्यायची गं," ती म्हणाली. "आता कोण शिकवणार मला?" आणि हमसून हमसून रडली.

मी काजं बाजूला ठेवली, रेघेवर बोट टेकवलं. "चल," म्हटलं, "आणि माझं बोट कापलंस तर बघ!"