मॅनेजरचं जाकीट

विमानातून बहारीन दिसलं ते पिवळट, सपाट, कडेनं निळं पाणी. वसईच्या शाळेतून मी रजा काढली होती ती वाळू बघायला नव्हे, धाकट्या भावाची, बस्त्यावची, मॅच बघायला. हॉस्पिटलच्या लॅबमधली त्याची नोकरी संपत होती आणि तो माझ्याबरोबरच कायमचा परतणार होता. शुक्रवारची मॅच त्याची शेवटची.

कस्टमवाल्यानं माझं सुक्या बोंबलांचं पुडकं हुंगलं आणि नाक धरून "यल्ला, यल्ला!" (चला, चला) म्हणत मला हाकललं. बाहेर न्यायला आलेला बस्त्याव हे ऐकून पोट धरून हसला.

खेळ आयरिश लोकांचा, गेलिक फुटबॉल. चेंडू हातात घेऊन पळायचं, मध्येच पायाच्या टोकानं उडवून पुन्हा झेलायचा. आडव्या दांडीवरून मारला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर तीन. इथल्या आयरिश लोकांच्या टीमला माणसं कमी पडली म्हणून कधीतरी बस्त्यावला घेतलं आणि तोच सगळ्यांत चपळ निघाला. उन्हाळ्यात आयरिश मंडळी रजेवर मायदेशी जात, तेव्हा त्या भट्टीत मैदानावर चुन्याच्या रेषा आखून सराव चालू ठेवायचा तो यानंच.

गुरुवारी संध्याकाळी जुफैरच्या एका हॉटेलात टीमचं जेवण होतं. टीमचा मॅनेजर, म्हणजे कोण खेळणार ते ठरवणारा, मायकल माझ्या शेजारी बसला. तरुणपणी तो आपल्या जिल्ह्याकडून खेळला होता. गुडघा गेला, मग मॅनेजर झाला. ही कहाणी त्यानं मला दोनदा सांगितली. मग उठला, स्वतःचं हिरवं जाकीट काढलं आणि बस्त्यावच्या खांद्यावर घातलं. उद्याचा मॅनेजर बस्त्याव! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"म्हणजे तू खेळणार नाहीस?" मी मराठीत विचारलं.

"मॅनेजर लाइनच्या बाहेर असतो, ताई."

"आणि तुझ्या जागी?"

"मायकल. त्याला एकदा शेवटचं खेळायचंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या शाळेतही नको असलेल्या बाईंना प्रदर्शनाच्या प्रमुख करून वर्गातून काढतात.

"नाही म्हण ना!"

"सगळ्यांसमोर? जाऊ दे, खलास," तो म्हणाला. मी पुढ्यातली माशाची ताटली बाजूला सारली.

शुक्रवारी सकाळी अंडं-टोमॅटो आणि खुबूस (अरबी रोटी) खाऊन आम्ही जनाबियाच्या बंगल्यांमागच्या वाळूच्या मैदानावर गेलो. समोर दुबईची टीम. मायकल लंगडत होता. चेंडू त्याच्या हातून निसटत होता आणि पॉइंट जात होते. बस्त्याव जाकीट घालून रेषेवर उभा. मला राहवेना. मी तरातरा त्याच्याजवळ गेले.

"मॅनेजर आहेस ना? मग काढ त्याला बाहेर!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग हात वर करून हाक मारली, "मायकल! आउट!"

मायकल लालबुंद होऊन बघत राहिला, पण मॅनेजरचा शब्द मोडायचा नाही हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं. तो बाहेर आला. मी जाकीट घ्यायला हात पुढे केला. बस्त्यावनं ते काढलंच नाही. त्यानं बाकावरच्या शॉन नावाच्या खेळाडूला आत पाठवलं.

"अरे, तू जा ना!"

"मॅनेजर स्वतःला निवडत नाही, ताई," तो मायकलला ऐकू जाईल अशा बेतानं इंग्रजीत म्हणाला. मायकलनं मान खाली घातली.

आम्ही एका पॉइंटनं हरलो. तो पॉइंट बस्त्यावनं डोळे मिटून मारला असता.

परतीच्या विमानात तो ते जाकीट पांघरून झोपला. माझा डोळा लागला नाही. मायकलचा राग येत होताच, त्याहून जास्त याच्या चांगुलपणाचा येत होता. वसईत सगळे विचारतात, बहारीन कसं आहे? मी वाळूबद्दल सांगते, खुबूसबद्दल सांगते. भाऊ कसा खेळतो, हे मात्र मला सांगता येत नाही.