शेवट सांगू नका

दुपारच्या प्रयोगाला मी शेवटच्या रांगेमागे उभा राहतो. रहस्यनाटकं लिहिण्यात माझा जन्म गेला. पडदा पडेपर्यंत खुर्चीतून कुणी हलायचं नाही, ही माझी मिजास. आज खुनी उघडा पडायच्या जरा आधी एक बाई उठल्या आणि पिशवी सावरत दाराशी आल्या.

“बाई, खुनी कोण ते आता कळेलच,” मला राहवेना.

“कुणी का असेना हो,” त्या शांतपणे म्हणाल्या. “चारला नळाला पाणी येतं आमच्याकडे.”

त्या गेल्या. उत्सुकता भुकेसारखी असते, रोज नव्यानं लागते, अशा भरवशावर मी इतकी माणसं रंगमंचावर मारली. पण उत्सुकताही मरते. मग लेखकापाशी नुसता शेवट उरतो, आणि तो कुणालाच नको असतो.

आत एव्हाना पडदा पडला असेल. प्रथेप्रमाणे नट पुढे येऊन अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांना विनवत असेल, “रसिकहो, शेवट बाहेर कुणाला सांगू नका.”

मी मात्र रस्त्यावर, सुरू झालेल्या रिक्षाची दांडी धरून त्या बाईंना सांगत होतो, “जावयानं मारलं, बाई. धाकट्या जावयानं.”