एका पंपात दोन औषधं

मंडळी, बारामतीत नवीनच उघडलेल्या इंटरनेट कॅफेतून लिहितोय. डोकं अजून तापलेलंच आहे.

पणदऱ्याच्या माझ्या चुलत्यांना, तात्यांना, घशाचा कॅन्सर आहे. पुण्यात रोज शेक, म्हणजे रेडिएशन, चालू आहे आणि आठवड्यातून एकदा औषधाची सलाईन. रविवारचे घरी आलेत म्हणून आज भेटायला गेलो, तर म्हणाले, "ह्या खेपंला सलाईनला न्हाय म्हनालो. शेक तेवढा घेतला."

"का पण?"

"दोन औषधं फवारणीच्या एका पंपात घातली की पीक जळतंय. एवढं कळतंय आमाला."

मी भडकलोच. पहिल्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर पेशी, डोस असलं काहीबाही बोलले होते आणि तात्यांनी नुसती मान हलवली होती.

शेवटी म्हणालो, "तात्या, उसाला खत टाकलं आन् पाणी दिलंच न्हाय तर?"

"खत लागू कसं पडंल मग?"

"तसंच हाय. ती सलाईन असली की शेक जास्त लागू पडतो."

तात्या हळूच म्हणाले, "म्हंजी पाण्याची एक पाळी हुकली की माझी."

कालव्याची हुकलेली पाळी परत मिळत नाही, हे पणदऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. मला सांगा, एवढं साधं बोलणं दवाखान्यात पहिल्याच दिवशी कुणालाच का जमू नये?